राणी बसली तो दगड

धारवाड जिल्ह्याला जेवढा म्हणून इतिहास आहे, त्यातला निम्मा आपसूक घडला आणि उरलेला निम्मा आमच्या भावजींनी घडवला. कुठला निम्मा कोणाचा हे आता सांगणं कठीण आहे, कारण दोन्ही निम्मे एकाच आवाजात दर रविवारी सकाळी रेडिओवरून सांगितले गेले आणि जिल्ह्यानं चहा पिता पिता ते निमूटपणे ऐकून घेतले. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. ते पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते, पण ती नोकरी त्यांनी इतक्या अलिप्तपणे केली की खात्यालाही ते आपल्याकडे असल्याचं फारसं जाणवलं नसावं. त्यांचा खरा उद्योग रेडिओचा. जिल्ह्यातलं एकेक गाव घ्यायचं, तिथे जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं करायचं आणि त्या गावाचा इतिहास पंधरा मिनिटांत श्रोत्यांना सांगायचा, असा तो कार्यक्रम. नव्वदनंतर कधीतरी सुरू झाला आणि बरीच वर्षं चालला. म्हाताऱ्यांना बोलतं करायचं हे कागदावर. प्रत्यक्षात भावजी बोलायचे आणि म्हातारे गप्प व्हायचे.

देवानं ह्यांना आवाज दिला आणि बाकीचं काही द्यायचं राहून गेलं, असं अक्का म्हणायची. आवाज मात्र खरोखरच असा होता की लग्नाच्या पंगतीत त्यांनी नुसतं "मठ्ठा" म्हटलं तरी तीन वाढपी धावत यायचे. रेडिओ लागल्यापासून तो आवाज त्यांनी घरीही उतरवून ठेवला नाही. घरात मराठी, बाहेर कन्नड हे आमच्याकडे सगळ्यांचंच, पण भावजींची भाषा आवाजाच्या पट्टीवर ठरायची. कुरकुर मराठीत आणि घोषणा कन्नडमध्ये. अक्कानं स्वयंपाकघरातून "ताट वाढलंय हो" म्हणून हाक मारली की बाहेरून "बंदे!" असं गंभीर उत्तर यायचं. बंदे म्हणजे आलोच. पण भावजी ते अशा थाटात म्हणायचे की नवख्या माणसाला वाटावं, कुठल्या तरी सैन्याची आघाडी पोचली. ताटावर बसल्यावरसुद्धा "मीठ" म्हणण्याआधी ते क्षणभर थांबायचे, घसा साफ करायचे आणि मग मिठाचा विषय मांडायचे.

शनिवारची दुपार तालमीची. कार्यक्रम रेडिओ स्टेशनवर जाऊन आधी ध्वनिमुद्रित करायचा असल्यामुळे घरी त्याची तालीम व्हायची आणि तालमीच्या वेळी त्यांच्या घरात आवाजबंदी लागू असायची. नळ बंद, कुकर बंद, पंखा बंद. पंखा फिरला की त्यांच्या म्हणण्याप्रमाणे शब्दांच्या कडा झिजतात. एकदा भर मे महिन्यात बेळगावचं एक जोडपं लग्नाची पत्रिका द्यायला आलं. त्यांना दिवाणखान्यात बसवून भावजींनी बोटानं गप्प राहायची खूण केली, पंखा बंद केला आणि कुंदगोळकडच्या एका गावाचा इतिहास सुरू केला. तो संपेपर्यंत त्या बाईंच्या कपाळावरचं कुंकू नाकाशी आलं होतं. संपल्यावर भावजींनी हातातलं स्टॉपवॉच बघितलं आणि म्हणाले, "दीड मिनिट जास्त होतंय. पुन्हा घेऊ." पुन्हा म्हटल्याबरोबर ते गृहस्थ पत्रिका टेबलावर ठेवून उठले. ते चहासुद्धा न घेता गेले याचं अक्काला फार वाईट वाटलं. भावजींना वाईट वाटलं ते त्यांनी शेवट ऐकला नाही याचं.

आणखी एक तत्त्व ते वारंवार सांगायचे. "रेडिओवर शांतता म्हणजे पाप. तुम्ही दोन क्षण गप्प बसलात की श्रोत्याला वाटतं मशीन बिघडलं. तो उठून डब्याच्या डोक्यात चापट मारतो." हे तत्त्व त्यांनी रेडिओपुरतं ठेवलं असतं तर आमची काही तक्रार नव्हती.

रविवारी सकाळी कार्यक्रम लागायच्या वेळेला घरोघरचे लोक रेडिओपाशी बसत असतील नसतील, भावजी मात्र घरी बसत नसत. इस्त्रीचा सदरा घालून ते धारवाडच्या सुभाष रोडला निघायचे. एव्हाना दुकानं उघडत असायची, कोणी झाडलोट करतोय, कोणी उदबत्ती फिरवतोय आणि एकेका दुकानातल्या रेडिओतून भावजी बोलतायत. आपल्याच आवाजातून ते असे रमतगमत चालायचे. स्टीलच्या भांड्यांच्या दुकानापाशी गावाची वेस आली, किराणा दुकानापाशी तळं आलं, पेढ्यांच्या दुकानापाशी लढाई झाली. कोणाचा आवाज बारीक असला तर आत हात घालून बटण पिळायचे. एका पानवाल्याकडे क्रिकेटची कॉमेंट्री चालू होती. भावजींनी त्याला काही न विचारता काटा फिरवला आणि समोर उभे राहून स्वतःला ऐकू लागले. पानवाला आमच्याकडच्या आदरार्थी 'री'सकट म्हणाला, "अण्णा, तुम्ही इथं उभेच आहात तर तोंडानंच सांगा की री. त्याला स्कोअर तरी सांगू द्या." त्या दिवसापासून भावजींनी पान सोडलं आणि लोकांना सांगताना कारण दातांचं सांगितलं.

श्रोत्यांची पत्रं आली पाहिजेत, नाहीतर कार्यक्रम बंद पडतो, असं त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. सगळे नातेवाईक त्यामुळे श्रोते झाले. मी तेव्हा हुबळीत गोकुळ रोडवरच्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात हिशेब लिहायचो. मला त्यांनी कलघटगीचा शेतकरी नेमलं होतं. दर महिन्याला कलघटगीच्या या शेतकऱ्यानं एक कार्ड टाकायचं, मजकूर भावजी सांगणार. सगळीच कार्डं स्तुतीची नकोत, संशय येतो, म्हणून एकदा त्यांनी मला एक बारीकशी शंका लिहायला सांगितली. मी लिहिली. महिन्याभरात ती आपणच सांगितली होती हे ते विसरले आणि रेडिओवर कडाडले, "कलघटगीच्या एका श्रोत्यानं आपलं अज्ञान जगापुढे मांडलं आहे." पुढची पाच मिनिटं माझी सालटी काढणं चाललं होतं. संध्याकाळी मी धारवाडला त्यांच्याकडे गेलो तर म्हणाले, "ऐकलास ना? कसा झाडला त्याला!" मी म्हटलं, छान झाडलात.

आता त्यांची इतिहास गोळा करायची पद्धत. स्कूटरच्या पुढच्या आकड्याला टेपरेकॉर्डर लटकवलेला. त्याला अक्कानं जुन्या इरकली लुगड्याचा अभ्रा शिवून दिला होता, त्यामुळे लांबून ते टोपपदरात गुंडाळलेलं बाळ घेऊन चालल्यासारखे दिसायचे. गावात पोचले की पिंपळाच्या कट्ट्यावर बैठक. आमच्या भागातली खेडी पाहुण्याच्या बाबतीत अतिशय भिडस्त. त्यातून पाहुणा रेडिओचा. बसायला घोंगडी यायची, समोर गिरमिट यायचं, चुरमुऱ्यावर कांदा जास्त घालून, मग चहा. आणि एवढ्या लांबून आलेल्या माणसाला 'नाही' म्हणायचं नाही, हा तिथला रिवाज. भावजींनी या रिवाजावर आख्खा जिल्हा उभा केला. त्यांच्या प्रश्नातच उत्तर असायचं.

"अज्जा, पूर्वी या वाटेनं एक राणी घोड्यावरनं गेली होती, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"गेली असंल की री."

"इथेच उतरली होती, हो की नाही?"

"तुमी एवढ्या लांबनं आलाय म्हंजे उतरलीच असणार."

"जुने जाणते लोक सांगतात," असं म्हणून हेच पुढच्या रविवारी सगळ्या जिल्ह्याला ऐकायला मिळायचं. राणी कुठली, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. कोणी विचारलंच तर संशोधन चालू आहे म्हणायचे.

राणीची बातमी पसरली तसे गावोगावचे लोक अक्काच्या घरी यायला लागले. शेजारच्या गावात राणी उतरते आणि आमच्या गावावरून नुसतीच निघून जाते, हे काय, असं त्यांचं म्हणणं. कोणी आंब्याची पाटी घेऊन यायचे, कोणी फणस. भावजी गंभीरपणे ऐकून घ्यायचे. सगळीकडे राणीला उतरवणं त्यांनाही बरोबर वाटेना, म्हणून मग ते वाटणी करू लागले. एका गावाला राणीचा घोडा पाणी प्याला ती विहीर. दुसऱ्याला राणीची नथ हरवली ते शेत. एका गावानं फक्त एक तांब्या तूप आणलं होतं, त्यांना राणीला शिंक आली ती जागा मिळाली. पुढे सरकारनं जिल्ह्याचे तीन तुकडे केले तेव्हा लोकांना काय काय वाटलं असेल ते असो, भावजी पेपर ठेवून हताशपणे म्हणाले, "माझ्या चार राण्या गेल्या रे तिकडे."

इथपर्यंत हसण्यावारी गेलं. मग ते आमच्या गावावर आले.

आमचं गाव अळणावरच्या अलीकडे. दोन गल्ल्यांचं, आमच्याकडच्या शब्दात दोन ओण्यांचं. वरच्या ओणीत द्यामव्वाचं देऊळ आणि खालच्या ओणीकडे पालखीच्या खांद्याचा मान. म्हणजे देवी वरच्यांची आणि तिला उचलणारे खालचे, त्यामुळे एकमेकांशिवाय दोघांचंही चालत नाही. दोन ओण्यांच्या मधोमध एक मोठा सपाट दगड आहे. जत्रेच्या दिवशी पालखी देवळातून निघाली की त्या दगडावर टेकवायची आणि गावच्या सगळ्या लेकींनी, मग त्या कुठल्याही ओणीतल्या असोत, तिथे देवीची ओटी भरायची. ही जत्रेतली मुख्य गोष्ट. एरवी वर्षभर त्या दगडावर शेळ्या बसतात. आमचे आईवडील गेले, घराला कुलूप लागलं, तरी अक्कानं जत्रा कधी चुकवली नव्हती.

एका उन्हाळ्यात भावजी आणि अक्का घराची कौलं बघायला म्हणून गावी गेले होते. भावजींच्या पायात सुभाष रोडवरून घेतलेली कोरी चप्पल. बसस्टॉपवरून गावात येईपर्यंत तिनं डाव्या पायाला फोड आणला. भावजी त्या दगडावर बसले, चप्पल काढून पाय चोळू लागले आणि अक्का जवळच्या घरातून पाणी आणायला गेली. तेवढ्यात दोन-चार म्हातारे जमले. त्यात खालच्या ओणीतला बसप्पाअज्जा, म्हणजे पालखीच्या पुढच्या दांड्याचा मानकरी, हाही होता. अक्का पाणी घेऊन येते तो भावजींनी टेपरेकॉर्डर उघडला होता आणि राणी दगडावर टेकली होती. गावातल्या लेकीचे यजमान, त्यातून रेडिओचे, त्यातून पाय सोललेले. बसप्पाअज्जानं सगळ्याला होकार भरला.

रविवारी ते रेडिओवरून गेलं. भावजींनी बोलण्याच्या ओघात राणी वरच्या ओणीतल्या देवळातून दर्शन घेऊन आली आणि वरच्या ओणीतल्या पाटलानं तिला दगडावर बसवलं, असं म्हटलं. का म्हटलं? वाक्याला वजन आलं म्हणून. पण वरच्या ओणीनं ते वाक्य कायमचं धरून ठेवलं. त्यांनी वर्गणी काढून दगडाभोवती सिमेंटचा कट्टा बांधला, फरशा बसवल्या, लोखंडी कठडा घातला आणि कठड्याला कुलूप. राणीला आम्ही बसवलं, म्हणून दगड आमचा, म्हणून पहिली ओटी आमच्या लेकींची, मग खालच्यांच्या. खालची ओणी म्हणाली, ठीक आहे. मग पालखीही तुमचीच तुम्ही उचला. वरच्यांना खांद्याचा मान नाही, ते पालखीला हात लावू शकत नाहीत. खालच्यांना कठड्याची किल्ली नाही. एवढ्यावर त्या वर्षीची जत्रा अडली. दोन्हीकडच्या पंचांनी सांगून टाकलं की यंदा द्यामव्वा देवळातच राहील.

ही बातमी अक्काला कळली तेव्हा मी तिथेच होतो. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. भावजी येरझारा घालत म्हणाले, "काळजी करू नकोस. मी नवीन संशोधन मांडतो. राणीचे भोई खालच्या ओणीतले होते असं..."

"अहो," अक्का म्हणाली, "आणखी एक माणूस जरी तुम्ही त्या दगडावर चढवलात ना, तर मी दर शनिवारी तुमच्या तालमीला कुकर लावीन." मी हसलो. ती हसली नव्हती. "माझं माहेर म्हणजे आता तेवढंच आहे. घराला कुलूप आहे. ओटी भरायला जाते म्हणून कोणीतरी मला 'कधी आलीस गं' म्हणून विचारतं. ते तुमच्या राणीनं खाल्लं."

भावजी गप्प बसले. मी मनातल्या मनात मोजत होतो, की आता बोलतील, आता बोलतील. ते बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन ते गावी गेले. दोन्ही ओण्यांना दगडापाशी बोलावलं. सवयीप्रमाणे घसा साफ केला, सवयीप्रमाणे आर्य संस्कृतीपासून सुरुवात केली, मग कुठेतरी अडखळून थांबले आणि साध्या आवाजात म्हणाले, "हे बघा, इथे कोणी राणीबिणी बसली नव्हती. मी बसलो होतो. माझी चप्पल चावत होती." एवढं बोलायला त्यांना काय पडलं असेल ते मला त्यांच्या मानेवर दिसत होतं. त्या माणसानं उभ्या आयुष्यात 'माझं चुकलं' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, अक्कानंही नाही.

लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग बसप्पाअज्जा म्हणाला, "असं कसं म्हणता अण्णा? राणी बसली व्हती."

"अहो, मी सांगतोय ना. मीच ती गोष्ट रचली."

"तुमी आता नुसतं तोंडानं सांगताय की री. ते रेडिओवर सांगितल्यालं हाय."

वरच्या ओणीनं माना हलवल्या. खालच्या ओणीनंही हलवल्या. त्या वर्षात दोन्ही ओण्यांचं एकमत झालं ते या एकाच मुद्द्यावर. "रेडिओवर सांगा," पंच म्हणाले, "मग बघू."

परतीच्या बसमध्ये मी हसू दाबून बसलो होतो. आयुष्यभर रेडिओ रेडिओ केलं, आता भोगा, असं मला वाटत होतं, आणि ते मी बोलूनही दाखवलं.  नंतर भावजी रेडिओ स्टेशनवर कार्यक्रम बघणाऱ्या बाईंना भेटले. बाई भल्या होत्या, पण नोकरी करणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, "खुलासा करायचा तर करा, मी अडवत नाही. पण तुम्हीच एकदा सांगितलंत की मनानं रचलं, तर मग पुढच्या रविवारी कोण काय म्हणून ऐकणार? आणि इतकी वर्षं मी हे सगळं कसं पास केलं, असं मला वरून विचारतील. खुलासा गेला की मला कार्यक्रम बंद करावा लागेल." हे भावजींनी मला स्टेशनबाहेरच्या चहाच्या गाड्यावर सांगितलं. चहा तसाच राहिला. "अक्काला यातलं काही बोलू नकोस," म्हणाले.

पुढचे दोन रविवार त्यांनी दुसऱ्याच गावांवर घालवले. आवाज तोच होता, पण एकाही गावात राणी आली नाही. घोडासुद्धा आला नाही. अक्का घरात कामापुरतं बोलत होती आणि जत्रेच्या ओटीसाठी दरवर्षी आणून ठेवायची तो खण तिनं यंदा आणला नव्हता. मला वाटलं, हे काही व्हायचं नाही. जो माणूस स्वतःला ऐकायला दर रविवारी रस्त्यानं फिरतो तो स्वतःचं तोंड आपल्या हातानं बंद करील कशाला?

तिसऱ्या रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे पोचलो तर भावजी घरीच होते. सदऱ्याला इस्त्री नव्हती. रेडिओ लावून समोर बसले होते. अक्का आत डाळ-तांदूळ धुवून थांबली होती, तर त्यांनी हाक मारली, "लाव गं कुकर. आज चालेल." तिनं कुकर लावला आणि दारात येऊन उभी राहिली.

रेडिओतून त्यांचा आवाज आला. नेहमीचं स्वागत नाही, प्रस्तावना नाही. गावाचं नाव घेतलं आणि म्हणाले, "श्रोते हो, त्या गावात कुठलीही राणी बसली नव्हती. त्या दगडावर मी बसलो होतो. नवी चप्पल चावत होती म्हणून बसलो. बाकीचं मी माझ्या मनानं सांगितलं. तो दगड देवीची पालखी टेकायचा आहे आणि दोन्ही ओण्यांचा आहे. माझं चुकलं." मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही की मी उठून रेडिओच्या डोक्यात चापट मारणार होतो. त्या शांततेत कुकरची शिट्टी झाली. मग रेडिओतून "नमस्कार" एवढं ऐकू आलं आणि उरलेला सगळा वेळ सनई वाजली.

अक्का दारातच उभी होती. "अहो, मग आता पुढच्या रविवारी?" तिनं विचारलं. भावजींनी हात वर करून सनईकडे बोट दाखवलं.

जत्रा झाली. कठड्याचं कुलूप काढलं, फरशा राहिल्या, कारण फरशांना पैसे पडले होते. बसप्पाअज्जानं पुढचा दांडा खांद्यावर घेतला, पालखी दगडावर टेकली आणि अक्कानं ओटी भरली. वरच्या ओणीतल्या एका म्हातारीनं तिचा हात धरून विचारलं, "कवा आलीस गं?" तेव्हा ती रडली. भावजी लांब एका झाडाखाली उभे होते. त्यांना कोणीतरी गिरमिट नेऊन दिलं. कांदा जास्त घालून.

बाकीच्या गावांनी मात्र आपापल्या राण्या परत केल्या नाहीत. त्यांचा खुलासा रेडिओवर झाला नव्हता.

कार्यक्रम बंद झाला तो झालाच. त्यानंतर भावजी सुभाष रोडला गेले तर भाजी आणायला जायचे. जेवताना "मीठ" म्हणायचे, नुसतं मीठ, मागेपुढे काही नाही. पंखा फिरत असायचा, कुकर वाजायचा, पाहुणे चहा पिऊन जायचे. या शांततेसाठी अक्कानं किती वर्षं देव पाण्यात ठेवले होते, आणि ती मिळाल्यावर तीच अधूनमधून त्यांना म्हणायची, "अहो, ते कुंदगोळकडचं काय होतं, सांगा की." ते म्हणायचे, "असू दे गं." निवृत्त झाल्यावर दोन पावसाळे काढले आणि गेले. जाताना कसलाही त्रास झाला नाही. मला तेव्हा फार राग आला होता. आयुष्यभर एवढं बोलणाऱ्या माणसानं असं न सांगता जायचं?

अलीकडे माझी मुलगी बेंगळुरूहून येते. ती आणि तिच्या मैत्रिणी इंटरनेटवर पॉडकास्ट नावाचं काहीतरी करतात. मला समजलं ते एवढंच, की हा रेडिओच असतो, फक्त त्यात स्टेशनवाल्या बाई नसतात. लहान लहान गावांच्या गोष्टी त्या गोळा करतात. मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा सुरू. यंदा ती आमच्याबरोबर जत्रेला आली. पालखी उठल्यावर दगडापाशी एक म्हातारी फुलं वेचत होती, बसप्पाअज्जाची सून. अज्जा आता नाही. मुलीनं काडेपेटीएवढं यंत्र तिच्यापुढे धरून विचारलं, "अव्वा, या दगडाची काही गोष्ट आहे का?" तिनं प्रश्नात उत्तर घातलं नव्हतं, एवढं मी नोंदवून ठेवलं.

"हाय की," म्हातारी म्हणाली. "हितं रेडिओचे अण्णा बसले व्हते. चप्पल चावली व्हती त्यास्नी."

मुलगी वळून अक्काला म्हणाली, "आत्या, हे खरं आहे?"

अक्का काही बोलेना. यंत्रावरचा लाल दिवा चालू होता. मला भावजींची आठवण झाली, रेडिओवर शांतता म्हणजे पाप. मुलीनंही घाई केली नाही. मग अक्का म्हणाली, "खरं आहे. डावा पाय. मी पाणी आणायला गेले होते. परत आले तर हे बोलतच होते." आणि थोडं थांबून म्हणाली, "आवाज फार चांगला होता त्यांचा."

मुलीनं ते तसंच ठेवलं आहे, मधल्या शांततेसकट. आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात भावजींनी घातलेल्या सगळ्या भरीतली ही एकच गोष्ट मी कोणापुढेही शपथेवर सांगू शकेन. मोबाइलवर ती मी अधूनमधून लावतो. ऐकताना पंखा बंद करतो.